उजवीकडचा शेवटचा शब्द

जावई घराण्यात अकरा माणसं आहेत. त्यांचे रक्तगट सहा.

•

'शेवटची मोकळी जागा शोध. तिच्या उजवीकडे उरेल ते आडनाव.'
हे माणसाला सांगितलेलं नाही. मशीनला सांगितलेलं आहे.

•

पॅसेजमध्ये एका माणसाचा हसरा फोटो आहे. खाली आकडा : ३७.

•

शस्त्रक्रियेच्या दाराबाहेर एक नवरा बायकोच्या चपला हातात धरून पाच तास उभा होता. शेजारचा बाक रिकामा होता.

•

सोमवारी मी रजेवर होते.

बाही

बुधवारी सकाळी रक्तपेढीच्या खिडकीशी घड्याळं दुरुस्त करणारा आला आणि शर्टाची बाही वर सारू लागला. आज रक्त घेण्याचा दिवस नाही, म्हटलं मी, काय काम आहे? त्याने कोपर खिडकीच्या फळीवर टेकवलं.

"बाई, माझं रक्त शिळं झालं का?"

मग त्याने सांगितलं ते असं. त्याच्या बहिणीचा परदेशातून फोन आला होता. सोमवारी आमच्याकडून तिला विचारणा झाली होती, तातडीने रक्त द्यायला येता का म्हणून. ती कुठून येणार? तशीच विचारणा त्याच्या दोन्ही भावांना झाली. एक तापाने फणफणलेला, दुसरा काविळीतून नुकता उठलेला. चारही भावंडांचा गट एकच, हजारांत एखाद्याचा असतो तसा. तिघांना फोन गेले आणि चौथा, म्हणजे हा, दिवसभर दुकानात फोन समोर ठेवून घड्याळं उघडत बसला होता. त्याचं दुकान आमच्या फाटकापासून चालत अकरा मिनिटांवर आहे. छत्तीस वेळा त्याने रक्त दिलंय.

सोमवारी एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला होता. तिच्या गटाची एकही पिशवी आमच्याकडे नव्हती. पिशवी दुसऱ्या शहरातून आली, पाच तासांनी. तोवर बाईचा जीव वाचवायला गर्भाशय काढून टाकावं लागलं होतं. वय चोवीस. पहिलंच मूल.

हे सगळं त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला आणि तसाच उभा राहिला. जाईपर्यंत त्याने खाली केली नाही ती बाही.

आनंदाने

आमच्याकडे दुर्मीळ गट घराण्यावरून शोधतात. एक माणूस सापडला की त्याची भावंडं, चुलत भावंडं तपासायची. म्हणून सव्वीस वर्षं माझी कार्डं लाकडी खणांत आडनावांप्रमाणे लावलेली होती. कोण कोणाचा कोण, हे मला पाठ होतं. लोक मला कार्डताई म्हणत.

मग ती आली, संगणकाच्या कामाला नवीन घेतलेली मुलगी. 'फॉर्म्युला' हे नाव मीच ठेवलं, चिडून. ते असं चिकटलं की पेढीच्या प्रमुख डॉक्टरबाईसुद्धा तिला तेच म्हणू लागल्या, आणि वर कौतुकाने. माझी कार्डं आमच्या टायपिस्टने संगणकावरच्या एका मोठ्या तक्त्यात उतरवली, बाराशे चौदा नावं, आणि फॉर्म्युलाने त्याला एक मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे तक्त्याला एकदाच शिकवून ठेवलेलं काम. बटण दाबलं की पूर्ण नावातून आडनाव वेगळं निघायचं, घराणी लागायची, हवा तो गट सांगितला की त्या गटाची माणसं घराण्यांप्रमाणे छापून यायची. त्याआधी ती प्रश्नांचा एक कागद घेऊन सगळ्यांकडे फिरली होती. त्या कागदाचाही मला राग आला होता. माझं आयुष्य तिच्या दहा प्रश्नांत मावतं, असं तिला वाटत होतं.

सगळ्यांसमोर बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या सव्वीस वर्षांना कुणी एक टाळी दिली नव्हती. कार्डं तळघरात गेली, कुलपात. नंतर ते बटण बघायला बाहेरची माणसं येऊ लागली. किती वेळा आली ते मी मोजलंय : नऊ. दहावी खेप सोमवारी होती, म्हणून तर मी रजा टाकली.

बुधवारी दुपारी डॉक्टरबाईंनी मला आत बोलावून दार लावलं. शुक्रवारी चौकशी समिती बसणार होती. समितीचं मत जवळपास ठरलेलं होतं : मॅक्रो जिचा, चूक तिची. फॉर्म्युलाला काढतील. आणि मुख्य नोंदणी अधिकाऱ्याचं जे पद पुढच्या महिन्यात तिला मिळणार होतं, ते मग ज्येष्ठतेने मला मिळेल, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

"पण मला खरं काय ते हवंय," त्या म्हणाल्या. "माणसं तुम्हाला पाठ आहेत, ताई. तुम्हीच शोधा."

मी हो म्हणाले. आनंदाने.

एक

संशयित तीन. फोन करणारा, टाइप करणारी, आणि ती.

फोन करण्याचं काम आमच्या ड्रायव्हरकडे आहे. त्याला सगळे हॅलो म्हणतात. पॅसेजमधला फोटो त्याचाच. सदतीस वेळा रक्त दिलेला, पेढीच्या इतिहासात सगळ्यांत जास्त. दुसऱ्या नंबरावर छत्तीस वेळा देणारा घड्याळवाला. सोमवारी त्याला फोन गेला असता तर बरोबरी झाली असती. मी हे सरळ बोलले नाही; फोटोची काच पुसायला झालीय, एवढंच म्हणाले.

हॅलो गाडीच्या बॉनेटवर पाणी मारत होता. त्याने नळ बंद केला.

"ताई, मला तो माणूस डोळ्यासमोर नको असतो, हे खरंय," तो म्हणाला. "दर वेळी आला की आधी माझा आकडा बघतो. पण त्या दिवशी बाई मरत होती हो."

त्याने गाडीच्या कप्प्यातून सोमवारची यादी काढून दिली. तीन नावं, तिन्हींपुढे त्याच्या खुणा, वेळ, उत्तर. कागद फाडलेला नव्हता, चौथं नाव खोडलेलं नव्हतं. त्याने यादी संपल्यावर माझ्या घरीही फोन लावला होता, आणखी कोणी आठवतंय का विचारायला. मी घरात नव्हते. बहिणीला घेऊन बाजारात गेले होते, उशांचे अभ्रे घ्यायला.

यादीच्या तळाशी मशीनने छापलं होतं : पान एक पैकी एक.

तसं

टायपिस्टला आम्ही टकटक म्हणतो. पूर्वी डॉक्टरबाईंची सगळी पत्रं तिच्याकडे असत आणि तिचं टेबल खिडकीशी होतं. आता त्या खिडकीशी फॉर्म्युलाचा संगणक आहे आणि टकटकच्या वाट्याला कपाटामागचा कोपरा आलाय. ती तिथून फॉर्म्युलाच्या पाठीकडे बघत टाइप करते. एखादं नाव गाळणं तिला किती सोपं होतं, असा मी विचार केला. मला तो विचार आवडला नाही. मला फॉर्म्युलाच हवी होती.

टकटकने मोठा तक्ता उघडला. ओळ आठशे सहा. घड्याळवाला तिथे होता. फोन नंबर बरोबर, गट बरोबर, पत्ता बरोबर. नावातलं अक्षर न् अक्षर माझ्या कार्डावर होतं तेच.

"म्हणजे तू गाळलेलं नाहीस."

"मी गाळत नाही आणि घालतही नाही. मी डोळ्यांनी टाइप करते, डोक्याने नाही. डोकं वापरलं असतं तर कपाटामागे बसले असते का?"

मग ती म्हणाली, की सुरुवातीला एकदा तिला शंका आली होती. काही कार्डांवर शाईच्या नावापुढे पेन्सिलीचं अक्षर होतं. तेही घ्यायचं का, हे तिने विचारलं होतं.

"कोणाला विचारलंस?"

"कोणाला म्हणजे? तुम्हालाच. तुम्ही वर न बघता म्हणालात, जसं आहे तसं."

माझे

फॉर्म्युलाला मी शेवटी ठेवलं होतं, जेवणात आवडीचा घास मागे ठेवतात तसं. ती दोन रात्री झोपलेली दिसत नव्हती. तरी केस नीट होते. तिचे केस नेहमी नीट असतात.

मी आवाज मऊ ठेवून विचारत गेले. गेल्या दोन महिन्यांत मॅक्रोला कोणी हात लावला का? नाही, फाइलवर बदलाची तारीख असते, ती तिने दाखवली. दोन महिन्यांपूर्वी? हो, तेव्हा तिने स्वतः एक ओळ घातली होती. कसली? त्यावर ती खुर्चीवरून उठली आणि मला बसायला सांगितलं.

"तुम्हीच बघा, ताई."

मला मॅक्रो वाचता येत नाही. पण तिची एक सवय आहे : प्रत्येक ओळीवर ती साध्या मराठीत लिहून ठेवते, खालची ओळ काय करते ते. म्हणजे कोणालाही कळावं. (ही सवयसुद्धा डॉक्टरबाईंनी सभेत सांगितली होती.) मी बोट ठेवत वाचत गेले. शेवटची मोकळी जागा शोध. तिच्या उजवीकडे उरेल ते आडनाव. आडनावांप्रमाणे लाव. मोज. मोजणी बाराशे चौदा, बरोबर. म्हणजे एकही माणूस हरवलेला नव्हता. मग छपाई. छपाईची मोजणी अकराशे त्रेसष्ट.

एक्कावन्न माणसं तक्त्यात होती आणि कागदावर येत नव्हती.

दोन्हींच्या मध्ये एक ओळ होती : 'पुढची आडनावं छापू नकोस.' आणि त्याखाली एकोणीस शब्द.

जावई. थोरले. धाकटे. पोस्टातले. चष्मेवाले. गच्चीवरचे. दुसरी बायको. नव्हे, 'दुसरी बायको' यातला फक्त 'बायको', कारण मशीन शेवटचाच शब्द घेतं. घड्याळवाले.

मी मान वर केली नाही. सापडलं होतं. तिनेच लपवलं होतं, तिच्या हाताने, तारखेसकट. ओरडून सांगावं असं वाटायला हवं होतं. पण ते एकोणीसही शब्द होते माझे.

नाही

एका नावाची दोन माणसं असली की मी शाईच्या नावापुढे पेन्सिलीने एक खूण लिहायची. एकाच घराण्यातले दोन लांबचे चुलत भाऊ, नाव तेच, वडिलांचं नावही तेच; मग जो घड्याळं दुरुस्त करतो तो घड्याळवाले. सासऱ्याच्या पत्त्यावर राहणारा तो जावई. मला सोपं जायचं. दुसऱ्या कोणाला सोपं जावं म्हणून ते लिहिलेलंच नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी हे बहिणीला सांगितलं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आम्ही दोघीच राहतो. ती उशांना नवे अभ्रे घालत होती. मी सांगितलं की बाळंतिणीचं जे झालं ते त्या मुलीमुळे. मॅक्रोने माझ्या खुणांना आडनावं समजून घराणी बनवली, ती घराणी हास्यास्पद दिसली, म्हणून तिने ती दुरुस्त करायची सोडून झाकून टाकली. शुक्रवारी मी एवढंच सांगितलं तरी ते शब्दन् शब्द खरं असेल.

"तुला ती आवडत नाही," बहीण म्हणाली, "की ती सगळ्यांना आवडते ते आवडत नाही?"

मी म्हटलं, मी तपासाबद्दल बोलतेय.

"मीही तपासच करतेय. खुणांचं तिने तुला आधी विचारलं नव्हतं का?"

विचारलं होतं. त्या दहा प्रश्नांच्या कागदावर सातवा प्रश्न तोच होता : कार्डावर आडनावानंतर आणखी काही लिहिलेलं असतं का? मी तो कागद विसरले नव्हते. तो तपासात मोडतो, असं मात्र मी दोन दिवस स्वतःला वाटू दिलं नव्हतं. त्या दिवशी माझ्यासमोर कार्डांचा खण उघडा होता, पहिल्याच कार्डावर पेन्सिलीने 'जावई' लिहिलेलं दिसत होतं, आणि मी प्रश्नासमोर लिहिलं होतं, ठसठशीत, खाली सही करून : नाही.

वाटलं

समितीत डॉक्टरबाई आणि बाहेरचे दोघे होते. टेबलाच्या एका बाजूला हॅलो आणि टकटक, दुसऱ्या बाजूला फॉर्म्युला, मांडीवर पिशवी. तो कागद तिच्याकडे असणार, हे मला माहीत होतं. ती कुठलाच कागद फेकत नाही. तीन दिवस तिने तो काढला का नाही, हे मला कळत नव्हतं.

मी क्रमाने सांगितलं. हॅलोच्या हाती जी यादी आली तीच तीन नावांची होती, तेव्हा त्याने कोणाला वगळलं नाही. तक्त्यात ओळ आठशे सहा शाबूत होती, तेव्हा टकटकने कोणाला गाळलं नाही. माणूस छपाईच्या आधी एका ओळीने अडवला. ती ओळ दोन महिन्यांपूर्वीची आहे आणि ती कोणी घातली ते फाइलच सांगते.

सगळे तिच्याकडे बघू लागले. बाहेरच्यांपैकी एकाने पेनचं टोपण लावलं. तिथे थांबता आलं असतं. मी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले, खाली ठेवला. तिची पिशवी अजून बंदच होती.

"अजून अर्धं राहिलंय," मी म्हणाले. "घड्याळवाले हे आडनाव झालंच कसं, ते राहिलंय. उजवीकडचा शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हे तिने मनाने ठरवलं नव्हतं. तिने विचारलं होतं. आडनावापुढे काही नसतं, असं तिला मी लिहून दिलं."

"तुम्हाला आठवलं नसेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कार्ड समोर होतं."

"मग असं का लिहिलंत?"

"यादी छापून येईल, त्यात जावयांचं घराणं निघेल, आणि सगळे हसतील, असं वाटलं होतं. तिला हसतील."

फॉर्म्युलाने पिशवीची चेन उघडली, आतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर माझी सही होती. डॉक्टरबाईंनी तो वाचला आणि तिला विचारलं, की हा हाताशी असताना तू नोकरी जायची वाट का बघत होतीस?

ती माझ्याकडे न बघता बोलली. जावयांचं घराणं पहिल्याच छपाईत निघालं होतं. ती तेव्हा एकटीच होती, त्यामुळे हसायला कोणी नव्हतं. कागदावरचं उत्तर खोटं आहे हे तिला त्याच दिवशी कळलं. दुरुस्ती दहा मिनिटांची होती, पण कुठला शब्द खरं आडनाव आणि कुठली माझी खूण हे मशीनला सांगता येत नव्हतं, तिलाही ठरवता येत नव्हतं. ते एकाच माणसाला माहीत होतं.

"म्हणजे ताईंना विचारावं लागलं असतं," ती म्हणाली. "त्या खिडकीतून माणूस बघतात आणि त्याच्या आत्याचा गट सांगतात. मला बटण दाबावं लागतं. सगळे बटणाला टाळ्या वाजवत होते. त्यांच्याशिवाय ते चालत नाही, हे कोणाला कळू नये असं मला वाटलं."

होती

कोणालाच काढलं नाही. फॉर्म्युलाला आणि मला लेखी ताकीद मिळाली, एकाच कागदावर, एकाखाली एक. मुख्य नोंदणी अधिकाऱ्याचं पद टकटकला दिलं. सगळ्या प्रकरणात जिने सांगितलं तेवढंच आणि तसंच केलं अशी ती एकटी, असं समितीने लिहिलं. तिचं टेबल परत खिडकीशी गेलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फॉर्म्युला आणि मी, दोघींनी एकाच वेळी त्या खिडकीकडे बघितलं आणि एकाच वेळी मान फिरवली.

डॉक्टरबाईंनी बाळंतिणीच्या नवऱ्याला बोलावून सगळं खरं सांगितलं. आम्हा दोघींना समोर बसवलं होतं. रक्त वेळेत मिळालं असतं तर ऑपरेशन टळलं असतं का, हे नक्की सांगता येणार नाही, पण तपासणी धरून दीड तासात पिशवी मिळाली असती, असं त्या म्हणाल्या. त्याने दुकान किती लांब आहे ते विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "अकरा मिनिटं," आणि उठला. जाताना त्याने दार हळू लावलं, कारण बाहेर बाकावर त्याची बायको मुलीला घेऊन बसली होती.

आता रोज दुपारी आम्ही दोघी एका तक्त्यासमोर बसतो. एक्कावन्न झाली, पण ती म्हणते बाराशे चौदाही बघू. ती नाव वाचते, मी सांगते : आडनाव. खूण. खूण. आडनाव. खूण असली की ती तो शब्द उचलून वेगळ्या रकान्यात ठेवते, पुसत नाही. कधी ती विचारते, हे गच्चीवरचे कोण? मी सांगते. ती ऐकते आणि तिला हेवा वाटतो, ते मला दिसतं. मग तिचं बोट एक कळ दाबतं, दोनशे ओळी क्षणात सरळ होतात, आणि तिलाही माझं दिसत असणार.

फॉर्म्युला कामावर आली त्या पहिल्या आठवड्यात तिला बसायला खुर्ची नव्हती, ती पाच दिवस उभ्याने काम करत होती. गोदामात दोन चांगल्या खुर्च्या पडून होत्या आणि गोदामाची किल्ली माझ्याकडे होती.